कपाटांतील जुना कॅमेरा

जुनें पितळी भांडें भंगारवाल्याच्या काट्यावर चढवितांना घरांतील वडील माणसें दोनदां विचार करितात. जुना कॅमेरा मात्र फारसा विचार न होतां त्याच्या पोत्यांत जातो. आसनगांव, शहापूर, मुरबाड ह्या बाजूस कांहीं घरांच्या कपाटांत अद्यापि चामड्याच्या तपकिरी म्यानांत ठेविलेला एखादा जपानी कॅमेरा सांपडतो. कोणाच्या काकांनीं तो बोटीवर नोकरीस असतां आणिला, कोणाच्या मामांनीं आखाती देशांतून. परदेशी मालाच्या आयातीवर कडक निर्बंध होते त्या काळीं अशी वस्तु घरांत येणें ही मोठीच गोष्ट होती. आतां तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाहीं. आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, हा कॅमेरा भंगारांत देऊं नये. तो स्वच्छ करून घरांतील मुलाच्या अथवा मुलीच्या हातीं द्यावा.

आम्ही म्हणतों तो कॅमेरा विशिष्ट जातीचा आहे. त्याचें भिंग कायमचें जडविलेलें असतें, तें काढून दुसरें बसवितां येत नाहीं. आणि त्यास अंतर मोजण्याची युक्ति जोडलेली असते. इंग्रजींत ह्या युक्तीस रेंजफाइंडर म्हणतात; आपण तिला अंतरमापक म्हणूं. कॅननचा 'कॅनोनेट' १९६१ सालीं निघाला. त्याची किंमत १८,८०० येन, म्हणजे त्या वेळच्या मानानें फारच उतरती ठेविली होती. आणि आठवडाभर पुरेल म्हणून दुकानांत ठेविलेला माल अवघ्या दोन तासांत खपला, असें त्या कंपनीच्याच इतिहासांत नमूद आहे. मिनोल्टाचा 'हाय-मॅटिक' १९६२ चा, याशिकाचा 'इलेक्ट्रो ३५' १९६६ चा, ऑलिम्पसचा चिमुकला '३५ आरसी' १९७० चा. सामान्य कारकुनाच्या, शिक्षकाच्या ऐपतींतले हे कॅमेरे. पण त्यांचीं भिंगें गरिबाचीं नव्हेत. अमेरिकन अंतराळवीर जॉन ग्लेन ह्यानें २० फेब्रुवारी १९६२ रोजीं पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हां त्याजपाशीं जो कॅमेरा होता तो त्यानें एका औषधाच्या दुकानांतून ४० डॉलरांस विकत घेतला होता. वर नांव आन्स्कोचें असलें तरी आंत तो मिनोल्टाचा हाय-मॅटिकच होता.

"मास्तर, फोनमध्यें फुकट फोटो निघतो, मग हा खटाटोप कशाला?" असें एका पालकांनीं आम्हांस विचारिलें. प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर हंसण्यावारी नेऊन चालणार नाहीं. फोनचें चित्र वाईट असतें असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. अंधारांत तर तें ह्या जुन्या कॅमेऱ्याहून पुष्कळदां सरस येतें. पण फोन सर्व कांहीं स्वतःच करितो आणि मुलास कांहींच करूं देत नाहीं. ह्या कॅमेऱ्यांत मुलास तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: पदार्थ किती दूर आहे, भिंगाचें द्वार किती उघडावें, आणि पडदा किती वेळ उघडा ठेवावा. भर उन्हांत, वैशाखांतील उघड्या शेतांत, द्वार १६ वर ठेवावें आणि पडद्याचा वेग फिल्मच्या वेगाइतका धरावा, म्हणजे १०० च्या फिल्मला सुमारें १/१२५ सेकंद, हा हिशेब एकदां समजला कीं प्रकाशमापक बिघडलेला असला तरी अडत नाहीं.

अंतरमापकाची युक्ति तर भूमितीच्या वर्गांत दाखवावी अशी आहे. कॅमेऱ्याच्या तोंडावर दोन खिडक्या असतात. एकींतून आपण सरळ पाहतों. दुसरींतून आलेला प्रकाश आरशावरून वळून त्याच दृश्याच्या मध्यावर पडतो. त्यामुळें समोरच्या माणसाचीं दोन नाकें दिसतात. भिंगाची कडी फिरवीत गेलें कीं आंतील आरसा किंचित् वळतो, दुसरें नाक हळूहळू सरकत पहिल्यावर येऊन बसतें, आणि ज्या क्षणीं दोहोंचें एक होतें त्या क्षणीं अंतर बरोबर साधलेलें असतें. दोन खिडक्यांमधील कांहीं बोटांचें अंतर हा त्रिकोणाचा पाया, आणि आरशाचा कल हा त्याचा कोन. १८०२ सालीं लॅम्टन साहेबानें मद्रासेस पाया मोजून ज्या त्रिकोणांच्या जाळ्यानें हिंदुस्थान मोजण्यास आरंभ केला, त्याच जातीचें हें गणित आहे. माहुलीचे सुळके येथून किती दूर आहेत हें न चढतां कसें सांगावें, असा प्रश्न जो मुलगा फळ्यासमोर जांभया देत सोडवितो, तोच मुलगा हा कॅमेरा डोळ्याला लावून तासभर रमतो. (सुळक्यांपर्यंत ह्या इवल्याशा पायाचें मोजमाप पोंचत नाहीं, हेंही त्यास लवकरच कळतें. तेंही शिक्षणच.)

ह्या प्रांतांत ही कला कांहीं परकी नाहीं. मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालींच स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधु नारायण दाजी हे तींत होते. पुढें फिल्महि देशांतच होऊं लागली. उटकमंडास सरकारी कारखान्यांत 'इंदू' छापाचा माल निघे. तो कारखाना आतां बंद पडला आहे, आणि आज मिळणारी बहुतेक फिल्म परदेशी असते.

येथें खर्चाचा मुद्दा येतो. कॅमेरा घरांतलाच असेल तर प्रश्न नाहीं. नसेल तर मुंबईस चोरबाजारांत किंवा फोर्टांतील जुन्या दुकानांत कांहीं हजार रुपयांत मिळूं शकतो. परंतु खरा खर्च रोलाचा. साध्या कृष्णधवल रोलास कांहीं शेंकडे रुपये पडतात, रंगीतास अधिक, आणि धुण्याचा व छापण्याचा खर्च निराळा. शेतकऱ्याच्या मुलानें महिन्यास दोन रोल संपवावे असें सांगणें हा निव्वळ अविचार होईल. म्हणून आम्ही असें सुचवितों कीं बारा विद्यार्थ्यांनीं मिळून एक कॅमेरा व एक रोल वापरावा. रोलांत ३६ चित्रें. प्रत्येकाच्या वांट्यास तीन. तीनच मिळणार हें ठाऊक असलें म्हणजे मूल आधीं पाहतें, मग विचार करितें, आणि कळ सर्वांत शेवटीं दाबतें. फोनवर तीनशें चित्रें काढून एकही पुन्हां न पाहणाऱ्या मुलांस ही तीन चित्रें जन्मभर आठवतील असें आम्हांस वाटतें. अलीकडे शहरांत जुन्या वस्तूंची फॅशन निघाली आहे, आणि हौशी लोक गळ्यांत कॅमेरा अडकवून स्वतःचाच फोटो फोनवर काढून घेतात. त्यांच्या नादानें किंमती चढतात, एवढाच त्याचा आपणांशीं संबंध.

विकत घेतांना कांहीं गोष्टी पाहाव्या. कोंकणपट्टीच्या दमट हवेंत भिंगाच्या आंत बुरशी धरते; भिंग उजेडाकडे धरून पाहावें, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतु दिसल्यास घेऊं नये. पाठीमागच्या झांकणाचा स्पंज चिकट गोंदासारखा झालेला असतो, तो खरवडून नवा लोंकरीचा धागा बसवावा. ह्यांतील पुष्कळ कॅमेऱ्यांस पाऱ्याचे सेल लागत. पारा विषारी म्हणून ते आतां होत नाहींत, आणि नव्या सेलाचा दाब किंचित् निराळा असल्यानें मापांत फरक पडतो. कॅनोनेट सेलावांचूनही चालतो. याशिका इलेक्ट्रो सेलावांचून एकाच वेगानें, १/५०० नें, उघडझांप करितो. म्हणून खेड्यांतील मुलास आम्ही पहिला पसंत करूं. पावसाळ्याचे चार महिने कॅमेरा चामड्याच्या म्यानांत कधींही ठेवूं नये. घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावा, आणि उघाड पडली कीं बाहेर काढून भिंगास उजेड दाखवावा.

फिल्म धुण्याचें काम शाळेच्या प्रयोगशाळेंत सहज होतें. फक्त रसायन २० अंशांवर आणावें लागतें, आणि आपल्याकडे मार्च-एप्रिलांत नळाचेंच पाणी त्याहून पुष्कळ ऊन असतें, म्हणून भोंवतीं बर्फ ठेवावा. वापरलेल्या फिक्सरांत चांदी उतरलेली असते. तें ओढ्यांत किंवा विहिरींत ओतूं नये. तानसा आणि भातसा ह्यांचें पाणी मुंबईची अर्धीअधिक वस्ती पिते, हें ह्या तालुक्यांतील मुलांस तरी सांगावयास नको.

आतां चित्रें कशाचीं काढावीं? फुलांचीं आणि मावळत्या सूर्याचीं काढावयास हरकत नाहीं, पण तीं कोणीही काढील. भातसा धरणाखालीं जीं गांवें गेलीं त्यांच्या पारांचीं, उंबऱ्यांचीं, विहिरींचीं चित्रें आज कितीशीं उरलीं असतील? समृद्धि महामार्गाचा शेवटचा तुकडा, इगतपुरीहून आमण्यापर्यंतचा, ५ जून २०२५ रोजीं खुला झाला. तो ह्याच तालुक्यांतून गेला आहे. त्याखालीं कोणाचें शेत गेलें, कोणाची आंब्याची झाडें गेलीं. इमारती तर रेल्वेच्या दोन्ही बाजूंस दिवसेंदिवस वाढत आहेत. कारवीच्या कुडाचीं घरें, शेणानें सारविलेलीं खळीं, भाताचीं उडवीं हीं आणखी वीस वर्षांनीं कोठें पाहावयास मिळतील? बिघडलेल्या फोनबरोबर शेंकडों चित्रें गेल्याचें आपण ऐकतों. कोरड्या जागीं ठेविलेली निगेटिव्ह मात्र नातवाच्या हातांतही उजेडाकडे धरतां येते, आणि ती पाहावयास कोणतेंही यंत्र लागत नाहीं.

एक गोष्ट मात्र आम्ही आग्रहानें सांगतों. ह्या कॅमेऱ्याचा पडदा भिंगाच्या आंतच पाकळ्यांसारखा उघडतो. त्याचा आवाज जवळजवळ होतच नाहीं. म्हणूनच चोरून चित्र काढण्याचा मोह होतो. पौष पौर्णिमेस म्हशाच्या जत्रेंत घोंगड्या विकावयास बसलेली म्हातारी, अथवा पाड्यावरची कातकरी बाई, ही 'सुंदर दृश्य' नव्हे. आधीं विचारावें, नको म्हटलें तर कॅमेरा खालीं घ्यावा, आणि होय म्हटलें तर छापलेली एक प्रत तिच्या हातीं नेऊन द्यावी. ही दुसरी प्रत रोलाच्या हिशेबांत आरंभींच धरावी, म्हणजे मागाहून पैसे कमी पडले ही सबब उरणार नाहीं.

प्रत्येक प्रतीच्या पाठीस शिसपेन्सिलीनें नांव, गांव व तारीख लिहावी. शाईनें लिहूं नये, ती कालांतरानें पुढच्या बाजूस उमटते. निगेटिव्ह सहा-सहाच्या पट्ट्यांत कापून कागदी पाकिटांत, आणि तीं पाकिटें सिलिका जेलच्या त्याच डब्यांत ठेवावीं. कॅमेऱ्याशेजारीं त्यांस पुष्कळ जागा असते.