आसाच्या आत आस

गेल्या हिवाळ्यात सातवीच्या मुलींना घेऊन माथेरानला गेलो होतो. नेरळला छोट्या गाडीची वाट पाहताना सगळ्या जणी तिथे जतन करून ठेवलेल्या जुन्या वाफेच्या इंजिनाभोवती जमल्या. फोटो काढून झाले, डबे उघडले. एकटी एक मुलगी खाली वाकून चाकांकडे बघत बसली होती.

"सर, तिन्ही चाकं तर लोखंडी पट्टीनं एकमेकांना बांधलीत. मग वळणावर वळतात कशी?"

मी म्हणालो, "अगं, रूळच वळवतात त्यांना." ती गप्प बसली, पण तिला पटले नव्हते. खरे तर मलाही नाही. वर्गात वेळ मारून नेलेले असे उत्तर कर्जासारखे मानेवर बसते. ते फेडण्यासाठी आजचा हा लेख.

आधी ही गाडी आली कुठून ते सांगतो, कारण आपल्या घरांतूनही ही गोष्ट आता फारशी सांगितली जात नाही. सर आदमजी पीरभॉय हे दाऊदी बोहरा समाजातले व्यापारी. लहानपणी काड्यापेट्या विकणारा हा मुलगा पुढे लष्कराला तंबू आणि बूट पुरवू लागला, 1897 मध्ये मुंबईचा शेरीफ झाला आणि 1907 मध्ये कराचीला भरलेल्या मुस्लिम लीगच्या अधिवेशनाचा अध्यक्षही. माथेरानला रेल्वे न्यायचा ध्यास त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांचा. पैसा घरचा, सुमारे सोळा लाख रुपये. 1904 मध्ये काम सुरू झाले आणि 1907 मध्ये गाडी वर पोहोचली. सल्लागार इंजिनीअर होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप, बार्शी लाइट रेल्वे उभारणारे तेच.

रुळांमधले अंतर फक्त दोन फूट. साधारण वीस किलोमीटरच्या वाटेत साडेसातशे मीटर चढायचे. काही ठिकाणी वीस फूट पुढे गेले की एक फूट वर, असा चढ, आणि वळणे तर अशी की खिडकीतून आपलीच गाडी समोर दिसते. लोक तिला खेळण्यातली गाडी म्हणतात, त्याचा मला राग येतो. खेळण्याला असा घाट चढावा लागत नाही.

या वाटेसाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीने चार इंजिने बांधून दिली. ही 'टँक' जातीची इंजिने. मोठ्या इंजिनांमागे कोळसा-पाण्याचा वेगळा डबा असतो. टँक इंजिन मात्र आपले पाणी आणि कोळसा अंगावरच बाळगते. त्यात दुहेरी फायदा. लांबी कमी होते, आणि पाण्याचे सगळे वजन चालत्या चाकांवर पडल्यामुळे चढावर चाके जागच्या जागी फिरत नाहीत, रुळाला धरून राहतात. तोटा एवढाच की साठा थोडा. म्हणून वाटेत थांबून पाणी प्यावे लागे. माथेरानच्या वाटेवर 'वॉटर पाईप' नावाचे स्टेशन आहे ना, ते नाव त्यावरूनच.

आणखी एक गोष्ट मला वाचताना फार आवडली. सिलिंडरमध्ये काम करून थकलेली वाफ धुराड्यातून जोराने बाहेर सोडतात. तिच्याबरोबर धूर ओढला जातो आणि भट्टीत ताजी हवा शिरते. म्हणजे चढ जितका कठीण, इंजिन जितके जोरात धापा टाकणार, तितका विस्तव आपोआप फुलणार.

आता मुलीचा प्रश्न. तीन आस एकमेकांना समांतर जखडले तर तीव्र वळणावर चाकांच्या कडा रुळाला घासतील, प्रसंगी गाडी रुळावरून उतरेल. या इंजिनात पहिला आणि शेवटचा आस 'क्लीन-लिंडनर' पद्धतीचा आहे. आत एक भरीव आस. तो जागचा हलत नाही, पट्ट्या त्याच्याच टोकांना जोडलेल्या. त्याच्याभोवती दुसरा, नळीसारखा पोकळ आस, आणि चाके बसवलेली आहेत ती या बाहेरच्या आसावर. दोन्हींची गाठ फक्त मध्यभागी, चेंडूसारख्या गोल सांध्यावर. त्यामुळे आतला सरळ राहिला तरी बाहेरचा वळणाप्रमाणे थोडा तिरका होतो, थोडा बाजूलाही सरकतो.

1980 च्या दशकात ही इंजिने थांबली. 740 क्रमांकाचे तर इंग्लंडमधल्या लेटन बझर्डच्या छोट्या रेल्वेवर जाऊन पोहोचले. इथल्या इंजिनाला रंग लावतात, पण आस पोटात असल्यामुळे कितीही वाकून पाहिले तरी युक्ती दिसत नाही. शेजारी कापलेल्या आसाचे एक चित्र लावायला किती खर्च येणार?

मी मग वर्गात दोऱ्याचे रिकामे रीळ नेले आणि त्यात पेन्सिल घातली. पेन्सिल आतला आस, रीळ बाहेरचा. रीळ छान तिरके झाले. मी खूश. तीच मुलगी पुढे आली, तिने पेन्सिल फिरवली.

"सर, पेन्सिल फिरते, रीळ नाही फिरत."

बरोबर होते. त्या गोल सांध्यातून एक आडवी खीळ जाते, तीच आतली फिरकी बाहेरच्या आसाला देते. हे मी वाचले होते आणि सांगायचे विसरलो होतो. एकीने ओढणीची टाचणी काढून दिली. रीळ-पेन्सिलीत ती आरपार घातली, तर रीळ फिरू लागले, पण तिरके होईना.

"भोक लांबट करायला पाहिजे," ती म्हणाली, आणि कंपासपेटीतले कर्कटक घेऊन रिळाचे भोक कोरत बसली. मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी उठली नाही.