आभार मानून कटवलेला वाचक

गेल्या दिवाळी अंकात मी संगणकावर एक लेख लिहिला होता. अंक छोटासाच, मानधन म्हणाल तर मित्रांना एक चहा पाजण्याइतकं. पण जानेवारीत चक्क एक पत्र आलं! सांगोल्याहून. दोन पानं, निळी शाई, आणि शेवटी एक प्रश्न: "मुलाला कर्ज काढून कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला घालू का? जमीन तारण ठेवावी लागेल."

मी काय उत्तर दिलं? "आपल्या पत्राने अतिशय आनंद झाला. बदलत्या काळात कौशल्यांना महत्त्व आहे. असाच लोभ असू द्यावा." वगैरे वगैरे. पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. "उत्तराबद्दल आभारी आहे. प्रश्न तसाच राहिला."

अशी चपराक आमच्या टेस्टिंगवाल्यांनीही कधी दिली नाही, आणि ते लोक काय चीज असतात हे तुम्हाला माहीत आहेच.

वाचकांशी नातं जोडायचं म्हणजे गोड बोलायचं, हे आपल्या डोक्यात कुठून शिरलं कोण जाणे. मला तर र. धों. कर्वे आठवतात. महर्षी कर्व्यांचा हा मुलगा गणिताचा प्राध्यापक. १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, पुढे कॉलेजची नोकरी सोडावी लागली. १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत, पदरमोड करून चालवलं. माणूस गोड मुळीच नव्हता. लिखाण कोरडं, तर्कटी, कुणाची भीडभाड नाही. पण लोक त्यांना असे प्रश्न विचारायचे, जे बायकोला, डॉक्टरला, सख्ख्या मित्रालाही विचारायची सोय नव्हती. आणि हा गृहस्थ ते छापून सरळ उत्तरं द्यायचा. पाप नाही, पुण्य नाही, उपदेश नाही. शरीर असं असं चालतं, बस्स.

याच प्रश्नोत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला. म्हणजे बघा, वाचकाने विचारलं आणि उत्तर दिलं, एवढ्यासाठी दंड! तरी मासिक पुढे जवळजवळ वीस वर्षं निघत राहिलं. आपण एका पत्राला खरं उत्तर द्यायला कचरतो, ते कशासाठी? तर चुकलो तर नाव खराब होईल म्हणून.

(कुणी म्हणेल, प्रत्येक पत्राला असं उत्तर द्यायला वेळ कुणाला आहे? खरंय. मग "वेळ नाही" असं तरी लिहावं. तेही मी लिहिलं नव्हतं.)

असो. तर आज शनिवार, दुसरा चहा झाला, आणि सांगोल्याचं पत्र पुन्हा समोर घेऊन बसलोय. आतापर्यंत लिहिलंय ते असं: चार वर्षांनी नोकऱ्यांचं काय असेल ते मला सांगता येत नाही. आमच्या टीममध्ये यंदा एकही फ्रेशर घेतला नाही. जे काम आम्ही नव्या पोरांना द्यायचो त्यातलं बरंचसं आता एआयकडून करून घेतो. मुलाला मनापासून आवड असेल आणि सरकारी कॉलेजात जागा मिळाली तर जरूर घाला. मोठी फी भरून, जमीन तारण ठेवून मात्र मी माझ्या भावाला घालू दिलं नसतं.

शेवटचं वाक्य तीनदा खोडलं आणि तीनदा परत लिहिलं. आता चप्पल घालतो आणि पोस्टाच्या पेटीपर्यंत जाऊन येतो. मोबाईल नंबरही खाली लिहिलाय, मुलाला स्वतःला काही विचारायचं असेल तर.