आंधळ्या विक्रेतीसमोरचा हिशेब



मुले पडद्यावरील खेळांत रमली की घरातील ज्येष्ठांच्या कपाळावर आठ्या पडतात, आणि त्या सर्वस्वी अकारण नसतात. तथापि खेळ आणि सदाचार यांची गाठ घालण्याचा प्रयत्न फार जुना आहे. आजच्या सापशिडीचे मूळ मोक्षपट आणि ज्ञानचौपड या पटांत आहे. ज्ञानचौपडीच्या अनेक जैन पटांवर 84 घरे आढळतात. तळाशी नरकगती, माथ्यावर सिद्धशिला. संकल्पना भव्य, परंतु एक उणीव राहून गेली : तेथे जीव वर चढतो तो पुरुषार्थाने नव्हे, तर फाशाच्या दानाने.

ही उणीव ज्यात नाही, असा एक संगणकीय खेळ 1985 साली अमेरिकेत निघाला. ‘अल्टिमा 4 : क्वेस्ट ऑफ द अवतार’ हे त्याचे नाव, रिचर्ड गॅरियट हे त्याचे कर्ते. पुढे दूरचित्रवाणीला जोडावयाच्या यंत्रांवरही तो आला : 1989 मध्ये जपानात निन्टेंडोच्या फॅमिकॉमवर, तर 1990 मध्ये सेगाच्या मास्टर सिस्टिमवर. या प्रकारच्या खेळात खेळणारा एका पात्राची भूमिका घेतो आणि त्या पात्राचे निर्णय स्वतः करतो. आधीच्या खेळांत जिंकण्यासाठी लोक दुकाने लुटतात, निरपराध गावकऱ्यांना मारतात, हे गॅरियट यांना खटकले होते. म्हणून या खेळात त्यांनी कोणी महाखलनायकच ठेवला नाही. सचोटी, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, प्रतिष्ठा, अध्यात्म आणि विनम्रता या आठ गुणांनी स्वतःस घडवावयाचे, हेच उद्दिष्ट.

प्रारंभी एक भविष्यवेत्ती पेचाचे प्रश्न विचारते. दुसऱ्याची न मोजलेली मोहरांची थैली पोहोचवावयाची आहे आणि वाटेत भिकारी भेटतो. त्यातील एक नाणे त्यास द्यावे, की विश्वासाने सोपविलेली थैली जशीच्या तशी पोहोचवावी? करुणा श्रेष्ठ की सचोटी? पेढीवर बसणाऱ्यास हा प्रश्न परका वाटणार नाही.

खरी परीक्षा मात्र वनौषधींच्या दुकानात होते. विक्रेती वृद्ध आणि दृष्टिहीन आहे. ती किंमत सांगते. किती नाणी ठेवली, हे आपणच सांगावयाचे. कमी ठेवली तरी कोणी हटकत नाही, शिपाई धावत नाही. माल मिळतो, व्यवहार संपतो. पण न दिसणाऱ्या खात्यावर सचोटीची वजावट होते. राजवाड्यातील एका द्रष्ट्याकडे गेल्यावरच आपण किती खालावलो, हे कळते.

चार दशकांनंतर या खेळाकडे पाहता त्याचे दोषही ठळक दिसतात. घरगुती यंत्रांना कळफलक नव्हता. म्हणून निन्टेंडोच्या आवृत्तीत पात्रांशी होणारे संभाषण आटोपते घ्यावे लागले, आणि मूळच्या आठ जणांऐवजी नायकासह चौघांचाच चमू एका वेळी ठेवता येई. ही झाली तांत्रिक बाब. मोठा दोष हिशेबाच्या पद्धतीत आहे. भिकाऱ्यास एक नाणे दिले की करुणा वाढते. म्हणून चतुर खेळाडू एकेक नाणे पुनःपुन्हा देऊन करुणेची बाकी फुगवितो. यंत्र क्रिया मोजते, भाव मोजू शकत नाही. आपल्या परंपरेने द्रव्य आणि भाव यांत केलेला भेद येथे नेमका आठवतो. दुसरे असे की निरुपद्रवी प्राण्यास पळून जाऊ देणे या खेळात पुण्याचे मानले असले, तरी शौर्य मिळते ते दुष्टांना मारूनच. आठ गुणांत अहिंसेला स्वतंत्र स्थान नाही.

आयुष्य बँकेत गेल्याने मला या दोषांचे नवल वाटत नाही. वही जुळली म्हणजे व्यवहार शुद्ध झाला, असे कोणताही तपासनीस छातीठोकपणे सांगू शकत नाही. बेरीज बरोबर असूनही नोंद खोटी असू शकते.

तरीही या खेळाचा मूळ प्रश्न मोलाचा आहे : ज्यास दिसत नाही, त्याच्याशी आपण कसे वागतो? तशी विक्रेती आपल्या बीड जिल्ह्यात जागोजागी भेटते. मोंढ्यात कापूस वा तूर आणणारा, हिशेबपट्टी वाचता न येणारा शेतकरी तीच आहे. मुकादमाकडून उचल घेऊन अंगठा उमटविणारी, हंगाम सुरू झाला की कोयता घेऊन साखर कारखान्याच्या वाटेला लागणारी ऊसतोड मजूर तीच आहे. वजनातील कटती, व्याजाची आकारणी, उचलीतून वळती केलेली रक्कम, हे सारे आपण सांगू तेच त्यांच्यासाठी खरे. कायदा तेथे दर वेळी पोहोचत नाही. आपली लेखणी मात्र रोज पोहोचते.

प्रतिक्रमण म्हणजे तरी काय? दिवसाच्या नोंदी कोणी मागितल्या नसताना स्वतः उघडून पाहणे. यंत्राला जे साधले नाही, ती भावाची नोंद तेथे होते. म्हणून घरातील मुले खेळत असतील, तर केवळ रागावू नये. शेजारी बसून एवढेच विचारावे : या खेळात तुला फसवता येईल असे कोण आहे, आणि तू त्याच्याशी कसा वागलास? मुलाचे उत्तर ऐकावे, आणि तोच प्रश्न दुकान बंद करताना आपण स्वतःलाही विचारावा.