कागद कौंटीचा, सप्तपदी गुरुजींची

समलिंगी व्यक्तींच्या हक्कांचा विषय निघाला की आपल्या मंडळींत एक वाक्य हमखास येते: "इथल्यांचे इथे असू द्या, आपल्या संस्कृतीत हे बसत नाही." पॉटलकच्या रांगेतही हेच, कार्यकारिणीतही हेच. कोणती संस्कृती म्हणे? कलम ३७७ इंग्रजांनी १८६० च्या दंडविधानात घातले. इंग्लंडने आपल्या घरचा असा कायदा १९६७ पासून सैल करायला घेतला. आपण मात्र साहेबाची ती ठेव २०१८ पर्यंत जपली! आणि मराठीपुरते बोलायचे तर 'समाजस्वास्थ्य'मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे देणारे र. धों. कर्वे, १९३४ साली कोर्टात त्यांचे वकीलपत्र घेणारे डॉ. आंबेडकर, १९८१ मध्ये 'मित्राची गोष्ट' रंगमंचावर आणणारे तेंडुलकर, हे काय परके होते?

दुसरा आक्षेप धर्माचा. इथे आपल्या मुलांची लग्ने दोन ठिकाणी लागतात. मांडवात गुरुजी सप्तपदी करतात, आणि लायसन्स मिळते कौंटीच्या कचेरीतून. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या २०१५ च्या निकालाने बदलला तो कचेरीतला कागद. गुरुजींवर सक्ती नाही. २०२२ च्या कायद्यात धार्मिक संस्थांना तशी मोकळीक लिहूनच दिली आहे. मग धर्म बुडाला कुठे?

त्या कागदाची किंमत आपल्याला कुणी सांगायला नको. 'डिपेंडंट' म्हणून एच-४ वर आलेल्या कितीतरी जणी हे वाचत असतील. जून २०१३ पर्यंत इथल्या नागरिकाला आपल्या समलिंगी जोडीदारासाठी ग्रीन कार्डचा अर्ज करता येत नव्हता, लग्न कायदेशीर असले तरी. १९९० पर्यंत तर समलिंगी परदेशी माणसाला देशात शिरूच न देण्याची तरतूद होती. भारतात हा कागद आजही मिळत नाही. सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२३ मध्ये नकार दिला.

आपण तरी कायद्याच्या जोरावरच इथे आहोत. १९२३ साली याच अमेरिकन कोर्टाने भगतसिंग थिंड यांना 'गोरे नाहीत' म्हणून नागरिकत्व नाकारले. गोऱ्यांशी लग्न करायला काही राज्यांत १९६७ पर्यंत बंदी होती. आज आपल्या गणपतीच्या आरतीला गोऱ्या सुना नऊवारी नेसून उभ्या राहतात आणि आपण कौतुकाने फोटो काढतो. (काढावेतच!) तेव्हाही 'निसर्गाविरुद्ध' आणि 'देवाच्या इच्छेविरुद्ध' हेच शब्द वापरले जात.

"मुलांवर काय परिणाम होईल?" हा तिसरा प्रश्न. मुलांना शाळेत सगळे ठाऊक असते. परिणाम होतो तो आपल्या कुजबुजीचा. एखादा मुलगा ती ऐकतो आणि ठरवतो की आई-बाबांना काही सांगायचे नाही.

म्हणून कार्यकारिणीला एक साधी विनंती. कौटुंबिक सभासदत्वाच्या अर्जातले 'पती' आणि 'पत्नी' हे रकाने काढून तिथे 'जोडीदार' असे दोनदा छापावे. वर्गणी तीच, दिवाळीच्या फराळाची ताटेही दोनच.