स्टेपनीचा हिशेब

अवजड ट्रक महामार्गावर उलटला की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात एक ठरलेले वाक्य वाचावयास मिळते : ‘चालकाचा ताबा सुटल्याने अपघात’. सुटलेला ताबा मुळात त्या चालकाकडे कितपत होता, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविलेल्या माझ्यासारख्याला हा प्रश्न नुकताच पंक्चर काढणाऱ्याच्या एका टपरीवर भेटला.

जालन्याच्या अलीकडे आमची एस.टी. बंद पडली होती. शेजारच्या टपरीवर एका बारा चाकी ट्रकला स्टेपनी चढविणे चालू होते. मागच्या आसावरील जोडचाकांपैकी आतला टायर फुटला होता. बाहेरचा टायर जवळजवळ नवा आणि स्टेपनी झिजून गुळगुळीत झालेली. ‘माप तर दोन्हींवर एकच दिसते,’ मी म्हणालो. चालक हसून म्हणाला, ‘लिहिलेलं एक आहे काका, उंची एक नाही. मालकांना फोन केला होता. म्हणाले, आधी माल पोहोचव, मग बघू.’

उंचीतला हा फरक किरकोळ नव्हे. जोडीतील दोन्ही चाके एकाच हबला आवळलेली असतात, म्हणून त्यांचे फेरे सारखेच होतात. अशा टायरचा परीघ सव्वातीन मीटरच्या आसपास असतो; किलोमीटरभर जावयास त्याला सुमारे ३०० फेरे लागतात. दोन टायरांच्या व्यासात २० मिलिमीटरचा फरक असला, तर परिघात ६ सेंटिमीटरहून अधिक फरक पडतो. म्हणजे दर किलोमीटरला सुमारे १९ मीटरची तफावत राहते, आणि ती रस्त्यावर घासत, फरफटतच भरून निघते. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर ही फरफट १३ किलोमीटरांवर जाते.

शिवाय बुटका टायर आपल्या वाट्याचे ओझे उचलीत नाही. ते शेजारच्या टायरवर पडते. तो तापतो आणि अखेर फुटतो. जुलै २०१८ मध्ये केंद्र शासनाने चार टायरांच्या एका आसाची भारमर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. ओझे वाढविण्यास कायद्याने मुभा मिळाली, तेव्हा तर टायरांची जोड जुळविण्याची गरज अधिकच वाढली. ज्या डंपरमध्ये मागचे दोन्ही आस इंजिनाच्या जोरावर फिरतात, तेथे अशा विजोड टायरामुळे दोन आसांमधील डिफरन्शियलला सरळ रस्त्यावरही उसंत मिळत नाही. तेल तापते, दाते झिजतात.

मग असा टायर लावला का जातो? नव्या टायरास वीस हजारांच्या घरात रुपये लागतात. निदान गाडीतलेच टायर बदलून बरोबरीची जोडी लावावी, तर त्यात वेळ जातो, आणि उशिराचा दंड भाड्यातून कापला जातो. ‘मालक’ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे भांडवलदार उभा राहतो. परंतु आपल्याकडील बहुसंख्य ट्रक एक-दोन गाड्या बाळगणाऱ्या लहान मालकांचे आहेत. त्यांच्या मानेवर कर्जाचा हप्ता असतो, आणि भाड्याचा दर मोठे माल पाठविणारे व त्यांचे वाहतूक कंत्राटदार ठरवितात. खाजगी धंदा आपला खर्च समाजाच्या अंगावर कसा ढकलतो, हे अर्थशास्त्रज्ञ के. विल्यम काप यांनी १९५० सालच्या आपल्या ग्रंथात मांडले होते. झिजलेली स्टेपनी हे त्याचेच उदाहरण आहे. बचत वरच्यांच्या खात्यात जमा होते. जोखीम चालकाच्या, क्लीनरच्या आणि रस्त्यावरून जाणाऱ्या परक्या माणसाच्या नावे पडते.

कायद्याची नजर मात्र खालच्याच पायरीवर खिळलेली आहे. अपघातानंतर खबर न देता पळणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद नव्या न्याय संहितेत आली. जानेवारी २०२४ मध्ये चालकांनी चाके थांबविली, तेव्हा शासनाला तिची अंमलबजावणी पुढे ढकलावी लागली. पळून जाणे समर्थनीय नाही. पण ‘आधी माल पोहोचव’ असा हुकूम देणाऱ्याला आणि तो हुकूम देणे भाग पाडणाऱ्या दराला जाब कोणी विचारावयाचा?

यावर उपाय अशक्य नाहीत. योग्यता प्रमाणपत्र देताना चालत्या चाकांबरोबर स्टेपनीही तपासली जावी, आणि ती जोडीला जुळणारी असावी. सदोष गाडी चालविण्यास नकार देणाऱ्या चालकाची मजुरी कापता येऊ नये. टायर बदलण्यात गेलेल्या वेळेचा दंड करारातूनच काढला जावा. आणि महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी कायद्याने जे हमालांसाठी केले, म्हणजे मालकांकडून लेव्ही घेऊन कामगारांचे मंडळ उभारले, ते चालकांसाठीही व्हावे. त्यात माल पाठविणाऱ्याचाही वाटा असावा.

आपल्या कार्यकर्त्यांनी याची सुरुवात ट्रक टर्मिनलवरील चहाच्या टपरीवरूनच करावी. चालकांना भाषण देऊ नये. स्टेपनी दाखवावयास सांगावी आणि टायर कोणी निवडला, एवढेच विचारावे.

माझी एस.टी. दुरुस्त झाली तेव्हा तो ट्रक निघून गेला होता. ज्याला त्याचे ओझे पाहून ‘काका, ही गाडी नेऊ नये’ असे वाटत होते, त्यालाच ती न्यावी लागली होती. ताबा सुटतो तो येथे, अपघाताच्या कितीतरी आधी.