शास्त्र कोणाचे, हक्क कोणाचे?

नवदीक्षित बंधुभगिनींनो, समलिंगी विवाहाचा विषय निघाला की ‘शास्त्राला हे मान्य नाही’ अशी आरोळी उठते. शास्त्राला तुमचा पाणवठ्यावरील स्पर्श तरी कोठे मान्य होता? पुण्याच्या महर्षी कर्व्यांचे पुत्र रघुनाथराव यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर समलिंगी संबंधांसारख्या विषयांवरील प्रश्नोत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ साली त्यांचे वकीलपत्र कोणी घेतले? बाबासाहेबांनी! खटला हरला, हे खरे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली परस्परसंमतीच्या संबंधांवरील ३७७ कलमाचा फास काढला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी मात्र विवाहाचा प्रश्न संसदेकडे ढकलला. संसदेच्या भरवशावर हिंदू कोड बिलाचे काय झाले, ते बाबासाहेबांचा १९५१ चा राजीनामाच सांगतो. मग वारसाहक्कावाचून एकत्र संसार करणाऱ्यांना आपण कोणत्या तोंडाने ‘थांबा’ म्हणावे?