‘गणित कच्चे’ म्हणण्यापूर्वी

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने गणितावर लिहावे, हे पाहून काहीजण गालातल्या गालात हसतील. हसोत बापडे! ‘गणित जमले नाही म्हणून आर्ट्‌सला आला’ हा टोमणा आपल्यापैकी कितीकांनी ऐकला आहे. पण काही मुलांच्या बाबतीत तो निव्वळ अन्याय ठरतो. जन्मापूर्वी किंवा जन्माच्या सुमारास मेंदूच्या एका बाजूला इजा झालेली मुले त्यांतलीच.

अशी मुले भाषा आश्चर्य वाटावे इतकी चांगली शिकतात, कारण कोवळा मेंदू लवचीक असतो. मूल बोलू लागले की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. आकड्यांकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. मूल ‘एक, दोन, तीन’ बडबडगीतासारखे म्हणते; पण ‘तीन शेंगा दे’ म्हटले की मूठभर पुढे करते. शेवटी उच्चारलेला ‘तीन’ म्हणजे त्या सगळ्या शेंगांची संख्या, हे उमगणे ही मोठी पायरी आहे. (आपल्या पाठांतरप्रिय शाळांना ती दिसतच नाही, हे जाता जाता सांगतो.) अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साडेतीन ते चार वर्षांच्या मुलांची नेमकी हीच समज तपासली गेली. इजा झालेली मुले सरासरीने मागे होती, पण थोडीशीच. पुढे गणितातही तसेच. शिवाय ज्यांच्या घरी तान्हेपणापासून बोलण्यात आकडे अधिक येत, ती मुले, इजा झालेली असोत वा नसोत, पुढे गणितात अधिक बरी निघाली. आकडे बोलल्यामुळेच गणित सुधारले, असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. पण प्रयत्नाला खर्च तो किती?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ‘डिसकॅल्क्युलिया’ला स्थान दिले, हे उत्तमच. परंतु तपासणी आणि प्रमाणपत्र होईपर्यंत मुलाच्या मनात ‘मी ढ’ हे पक्के बसलेले असते. माझा आग्रह त्याआधीच्या वर्षांसाठी आहे. ताटातल्या पोळ्या, जिन्याच्या पायऱ्या, शर्टाची बटणे मुलाबरोबर मोठ्याने मोजावीत. चुकले तर पाठीत धपाटा नको.

आपल्या एन. एस. एस. शिबिरात आपण अंगणवाडीत जातो आणि गाणी म्हणवून परततो. तिथल्या कोणत्या मुलाला अशी इजा झाली आहे हे आपल्याला कळणार नाही. कळायची गरजही नाही, कारण मोजण्याचा खेळ सगळ्यांच्याच उपयोगाचा. यंदा सोबत पिशवीभर चिंचोके न्यावेत, अशी माझी सूचना आहे.